मोहरीच्या जागा

१९८१ सालची गोष्ट. गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल. मी दवाखान्यात जायच्या गडबडीत वेणी घालत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली.

“मित्रा, ये गं जरा. बघ तुझ्या लाडकीनं काय करून ठेवलंय.”

जेवायला बसायचे चार पाट भिंतीला टेकून उभे असायचे. त्यातला एक खाली आडवा घातलेला होता आणि त्यावर ओलं थारोळं होतं. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर नाकाला लावून दूर उभ्या होत्या. रागावलेल्या मात्र दिसत नव्हत्या. त्या माझ्यावर कधीच रागवत नसत.

“मी धुते, माई.”

“धू बाई. पण हे तिसऱ्यांदा झालं. आधी चार महिने कशी शहाण्यासारखी घमेल्यात जात होती.”

ते खरंच होतं. मोहरी माझ्याबरोबर माहेराहून आली होती. काळी, अंगभर तपकिरी ठिपके, म्हणून मोहरी. सांगलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तिला बाहेर जायला वाट नव्हती. म्हणून मोरीच्या कोपऱ्यात पत्र्याचं पसरट घमेलं ठेवून त्यात नदीची वाळू घातली होती. तिथं जायचं, मागच्या पायांनी वाळू ओढून सगळं झाकायचं आणि शेपूट वर करून बाहेर यायचं, असा तिचा शिरस्ता. चार महिन्यांत एकदाही चुकली नव्हती.

मी पाट घासून उन्हात ठेवला. तो माझाच पाट होता, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझं नाव संघमित्रा. आमच्या घरात दिवाळीपेक्षा चौदा एप्रिल मोठा. वडील सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. तिथल्याच एका खोलीच्या क्वार्टरमध्ये आम्ही पाच माणसं वाढलो. मी शिकून त्याच दवाखान्यात लघवी-रक्त तपासायच्या खोलीत टेक्निशियन झाले. विद्याधर बेहेरे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. त्याचे वडील नाना निवृत्त हेडमास्तर होते. वाचनालयात समतेवर व्याख्यानं द्यायचे. लग्नाला विरोध तर सोडाच, कचेरीत पहिली सही त्यांनीच केली. सुनेचं नाव बदलायचं नाही, असंही त्यांनी स्वतःच सांगितलं. सगळी सांगली त्या घराचं नाव घेत होती.

माईंचं तर काय सांगू! माझ्या केसांत स्वतःच्या हातानं वेणी माळायच्या. मला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटायच्या. त्या वर्षी गौरी आल्या, तेव्हा दाराशी बायकांची गर्दी असताना माझा हात धरून त्यांनी मला पुढं नेलं आणि म्हणाल्या, “आधी आमची सून हळदीकुंकू वाहील.” आमच्याकडे गौरी नसतात. वडिलांना कळलं तर ते गप्प बसतील, हे मला ठाऊक होतं. तरी मी वाहिलं, कारण माईंनी हात धरला होता.

त्याच सुमारास विद्याधरला धरणाच्या कॉलनीत क्वार्टर मिळत होतं. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. “तू ठरव,” तो म्हणाला होता. मी केव्हाच ठरवलं होतं. असं घर सोडून चार भिंतींच्या क्वार्टरमध्ये कोण जाईल? जन्मभर क्वार्टरमध्येच तर राहिले होते.

आणि मग हे मांजराचं सुरू झालं.

पाट झाला. मग बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाचं डावं टोक. मग फोनजवळचं स्टूल. धुवून पुसून झालं की दोन दिवसांनी पुन्हा त्याच जागी. घरभर तो उग्र वास. दारावरून येणारीजाणारी माणसं नाकं मुरडायला लागली.

शेजारच्या आठल्येकाकू रोज येऊन बातमी घ्यायच्या. “काय हो माई, आज कुठं?”

“आज दिवाणावर.”

“अगो बाई! आणि हिच्या खोलीत?”

“तिच्या खोलीत नाही करत.”

“बघा,” काकू माझ्याकडे न बघता म्हणायच्या. “मांजर हुशार असतं हो. मालकिणीची खोली बरोबर ओळखतं. शिकवलं की शिकतं.” मग मला हसून, “दिवसभर लोकांची तपासतेस, आता घरीही तेच. सुटका नाही बाई तुला!”

तेव्हापासून घरात सगळ्यांचा सगळ्यांवर डोळा बसला. मी खोलीबाहेर पडले की नाना पेपराच्या वरून बघायचे. मोहरी कुठं बसली, कुठून उठली, यावर माईंचं लक्ष. आणि माझं लक्ष माईंवर आणि काकूंवर. कारण एक गोष्ट मला खटकत होती. काकू दर शुक्रवारी पदराखाली काहीतरी झाकून आणायच्या आणि तडक स्वयंपाकघरात जायच्या. त्यांच्या दिराची मळ्यात जनावरं होती. तूप असेल म्हणून मी आधी लक्ष दिलं नव्हतं. आता मनात यायला लागलं, मांजराला काही खायला तर घालत नाहीत? तिचं पोट बिघडवून तिला घालवायचं आणि पाठोपाठ मला?

मग स्वतःचीच लाज वाटायची. वेणी माळणाऱ्या बाईवर कसला संशय घेतेस, असं मी स्वतःला विचारायची. आणि संध्याकाळी घरी आले की पुन्हा सगळे कोपरे हुंगत फिरायची.

एकदा नाना जेवताना म्हणाले, “मित्रा, मी स्पष्ट बोलतो. मुक्या जनावराबद्दल मला राग नाही. पण घराला घराचा वास असावा. रविवारपर्यंत बघू. नाहीतर मंडईत सोडून येऊ. तिथं मासळी असते, उपाशी मरणार नाही.”

“रविवारपर्यंत थांबा, नाना. मी कारण शोधते.”

“जनावराला कारण कसलं गं?” माई म्हणाल्या. त्यांनी मला आणखी भात वाढला.

विद्याधर ताटातली कोशिंबीर भाताखाली लपवत होता, लहान मुलासारखी.

दुसऱ्या दिवशी मी मोहरीची लघवी एका बाटलीत धरली आणि दवाखान्यात नेऊन काचेखाली बघितली. पू नाही, रक्त नाही, खडे नाहीत. मग बुधवारी तिला पिशवीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. आवारात दोन म्हशी आणि एक लंगडा बैल उभा होता. डॉक्टर मुजावर हात धूत होते.

“मांजर?” ते म्हणाले. “माझ्याकडे मांजर घेऊन कुणी येत नाही, बाई. लोक नवीन पाळतात.”

त्यांनी तिचं पोट दाबून बघितलं, दात बघितले. कण्हते का, सारखी सारखी बसते का, ते विचारलं. मी काचेखालचं सांगितलं तेव्हा ते हसले. “माझं काम तुम्हीच केलंत की. मग घमेल्याचं बोला. जागा बदलली?”

“नाही.”

“वाळू?”

“तीच, नदीची. रोज मी स्वतः साफ करते.”

“फिनेल वगैरे टाकता का त्यात? घमेल्याला उग्र वास आला तर मांजर तिकडं फिरकत नाही. फार सोवळं जनावर आहे हे.”

“नाही टाकत.”

“बरं. बाहेर कुठंही करते, की ठरावीक जागी?”

“ठरावीक. धुतलं तरी तिथंच.”

“दुसरं मांजर येतं? कुत्रं?”

“दुसरा मजला आहे, डॉक्टर.”

त्यांनी मोहरीच्या कानामागं खाजवलं. “मग त्या जागांवर दुसऱ्या कुठल्यातरी जनावराची लघवी पडतेय. तुम्हाला दिसत नसेल, तिला वास येतो. लोक म्हणतात मांजर सूड घेतं, हट्ट करतं. ते माणसं करतात. हिला वाटतं, कुणीतरी परकं येऊन आपली जागा बळकावतंय. मग ती वर आपली सही करते. ही जागा आमची आहे, एवढंच तिचं म्हणणं.”

“पण घरात दुसरं जनावर नाहीये.”

“नाक खोटं बोलत नाही, बाई. शोधा. सापडलं की गरम पाण्यानं आणि व्हिनेगरनं धुवा. तिला औषधाची गरज नाही.”

घरी येताना मी रिक्षात त्या जागा मोजत बसले. पाट. दिवाणाचं डावं टोक. फोनजवळचं स्टूल. नानांची आरामखुर्ची कोरडी. झोपाळा कोरडा. माईंचा पाट कोरडा, विद्याधरचा कोरडा. आमची खोली कोरडी, आणि आमच्या खोलीत माई कधी पाऊल टाकत नसत. “नव्या जोडप्याच्या खोलीत सासूनं जाऊ नये,” असं त्या हसून म्हणायच्या.

रिक्षा आमच्या गल्लीत वळली तरी मनातलं पुरतं मनाला सांगवेना. म्हणून मी एक केलं.

बाहेरच्या खोलीत सागवानी झोपाळा होता, पितळी कड्यांचा. तो नानांचा. त्यावर दुसरं कुणी बसत नसे, मी तर कधीच नाही. गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यातून आले आणि चपला काढून सरळ झोपाळ्यावर जाऊन बसले. माई समोर गवार मोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“दमलीस का गं?”

“हो. पाय दुखतायत.”

“बस, बस हो,” त्या म्हणाल्या आणि गोड हसल्या. “घर तुझंच आहे.”

मी मुद्दाम बराच वेळ बसले. कड्या करकरत होत्या. माईंनी सगळी गवार मोडली, देठं गोळा केली आणि उठून आत गेल्या.

शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. दुपारी घरी आले तेव्हा नाना आतल्या खोलीत झोपले होते आणि माई आठल्येकाकूंकडे गेल्या होत्या. शेजारून त्यांचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. मी आपल्या किल्लीनं दार उघडलं. मोहरीनं अजून काही केलं नव्हतं. झोपाळ्याच्या फळीवर, मी बसले होते तिथंच, वाळलेले बारीक ठिपके होते. बोटांनी शिंपडल्यासारखे. मी वाकून वास घेतला.

मी रोज लघवीचा वास घेऊन पोट भरणारी बाई. मांजराचा नव्हता तो. माणसाचाही नव्हता. गोठ्याचा होता. आदल्या वर्षी काकूंच्या घरचं सुतक फिटलं तेव्हा घरभर शिंपडलं होतं म्हणे, तेच. गोमूत्र.

मोहरी माझ्या पायांतून पुढं आली. तिनं झोपाळ्यावर उडी मारली आणि त्या ठिपक्यांना नाक लावलं. तोंड अर्धवट उघडं ठेवून, डोळे बारीक करून ती बराच वेळ थांबली. मग वळली, शेपूट उचललं आणि बसली.

मी तिला हाकललं नाही. तिचं होईपर्यंत उभी राहिले.

रात्री आम्ही जेवायला बसलो. मला माझा धुतलेला पाट. नानांनी भाताला हात घातला आणि म्हणाले, “आज माझा झोपाळा! आता हद्द झाली. रविवारी मंडईत.”

“नाना, तिला डॉक्टरांकडे नेलं होतं.”

“मग? काय झालंय तिला?”

“काही नाही. ठणठणीत आहे. तिला घरात दुसऱ्या जनावराचा वास येतोय. तो जिथं येतो तिथं ती जाते.”

नाना मोकळेपणानं हसले. “आपल्या घरात दुसरं जनावर कुठलं?”

माई आमटी वाढत होत्या. पळी वाटीवर तशीच राहिली.

“तेच मी शोधत होते,” मी म्हणाले. “मी बसते तो हा पाट. मी बसते ते दिवाणाचं टोक. मी फोन करते ते स्टूल. काल मी पहिल्यांदा झोपाळ्यावर बसले. आज झोपाळा. तुमच्या खुर्चीवर ती कधी गेली नाही, नाना. तिथं मी कधी बसले नाही.”

हेडमास्तर माणूस. पण त्यांना समजायला वेळ लागला. आधी माझ्याकडे बघितलं, मग मोहरीकडे, मग देव्हाऱ्याखालच्या फडताळाकडे, कारण माई तिकडे बघत होत्या. तिथं तेलाच्या डब्यामागं सरबताची एक जुनी बाटली होती. ती तिथं आहे हे नानांना ठाऊक असावं. कशासाठी आहे, ते त्या क्षणी कळलं असावं.

“अगं,” ते माईंना म्हणाले, “ही काय म्हणतेय?”

“आमटी गार होतेय,” माई म्हणाल्या.

विद्याधर ताटाकडे बघत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याला हे ठाऊक होतं का, हे मी त्याला विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सगळे जेवले. कुणी ताटात काही टाकलं नाही.

सकाळी मी चहा ठेवत होते, तेव्हा माई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. चहा उकळला तेव्हा त्या बोलायला लागल्या.

“गौरी गेल्या आणि त्याच रात्री नानांना ताप भरला. आठवतंय ना तुला? एकशेचार. मी घाबरले गं. काकू म्हणाल्या, तुम्ही हिला गौरीला हात लावू दिलात. मी म्हटलं, असं काही नसतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मग त्यांनीच आणून दिलं.”

“ताप हिवतापाचा होता, माई. रक्त मीच तपासलं होतं.”

“ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे मला.” त्यांचा आवाज फाटला. “तुला कधी ऊठ म्हटलं? वेगळं ताट दिलं? माझ्या पंगतीला बसवलं की नाही तुला?”

“बसवलंत.”

“तुला वाईट वाटावं म्हणून नव्हतं ते. तुला कळू नये म्हणूनच तर तू गेल्यावर करत होते.”

मी गाळणं कपावर धरलं. मग ते पुन्हा खाली ठेवलं.

“वेगळं ताट दिलं असतंत,” मी म्हणाले, “तर माझं ताट कुठलं ते तरी मला कळलं असतं.”

माईंनी पुढं होऊन चहा गाळला आणि पहिला कप माझ्यासमोर ठेवला. मी तो प्याले. मग विद्याधरला सांगितलं, क्वार्टरला हो म्हणून कळव.

तो फक्त “बरं” म्हणाला. लगेच म्हणाला. इतक्या लगेच की पुढं कित्येक वर्षं मी त्या ‘बरं’चा अर्थ लावत राहिले.

निघायच्या दिवशी नाना टेम्पोपर्यंत आले. हातात मोहरीची पिशवी होती. “मी तिला मंडईत सोडणार होतो,” एवढंच म्हणाले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

धरणाच्या कॉलनीत आम्ही सव्वीस वर्षं काढली. माझी दोन्ही मुलं तिथंच झाली. मी तिथल्या दवाखान्यात लागले. विद्याधर कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झाला आणि तीन वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या आजारात त्यानं एकदा माझा हात धरून “मित्रा, तेव्हा,” एवढं म्हटलं आणि झोपी गेला. डॉक्टर मुजावर बदलून कोकणात गेले. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, मोहरीच्या नावानं. आठल्येकाकू मुलाकडे बडोद्याला गेल्या. नाना क्वार्टरवर तीनदा आले. वाचनालयातली त्यांची व्याख्यानं नंतर बंद झाली, असं कुणी सांगितलं. कुणी म्हणालं, घसा बसला म्हणून. १९८८ मध्ये ते गेले.

मग माई आमच्याकडे राहायला आल्या. विद्याधर सामान उतरवत होता. त्या कापडी पिशवी पोटाशी धरून दारात उभ्या होत्या. सगळ्या खुर्च्यांवरून त्यांची नजर फिरली आणि शेवटी माझ्यावर आली.

“मी कुठं बसू?”

“बसा कुठंही.”

त्या दाराजवळच्या खुर्चीच्या काठावर बसल्या. मोहरी तेव्हा म्हातारी झाली होती, चालताना मागचा पाय ओढायची. ती सावकाश आली. आधी माईंच्या टाचा हुंगल्या, मग पदर, मग पिशवी. पिशवीशी बराच वेळ थांबली. तोंड अर्धवट उघडलं. माई हलल्या नाहीत. मीही हलले नाही.

मग मोहरी वळली, मोरीत गेली आणि तिनं आपल्या घमेल्यात वाळू ओढल्याचा आवाज आला.